नावखाऊ

किसनराव तायड्यांचा शेवटचा रविवार तुरीच्या शेंगा सोलण्यात गेला. अकोल्याच्या घरी ओट्यावर इंदूबाईंनी नवऱ्यापुढं सूप भरून शेंगा ओतल्या होत्या. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं नटबोल्ट फिरवलेली बोटं या कामात मात्र कच्ची होती. निम्मे दाणे सुपात, निम्मे तोंडात.

"सोलून राहिले का खाऊन राहिले?" इंदूबाई आतून ओरडल्या.

"चव पाहून राहिलो. आजकाल कशाचाच भरोसा नाई बाप्पा."

लेक प्रियदर्शनी दोन दिवसांसाठी अमरावतीहून आली होती. तिथल्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल. मांडीवर जाड कादंबरी, तिची शेवटची चाळीस पानं उरलेली. अशा वेळी घराला आग लागली असती तरी ती पान संपवूनच उठली असती. किसनरावांनी लुंगीला हात पुसले आणि आतून सहा पानी कागद आणला.

"बाई, हे पाह्य बरं. सारं इंग्रजीत हाये. रेकॉर्डिंगवाला ओमप्रकाश उद्या न्याले येते. माह्यं गाणं काढून राहिला तो."

कोणतं गाणं, ते विचारायची गरज नव्हती. किसनरावांनी आयुष्यात दीडेकशे गाणी लिहिली. जयंतीला, लग्नाला, नामकरणाला. पण गायन पार्ट्या मागत ते एकच, ‘पोरगी माही वाचते’. प्रियदर्शनी दुसरीत असताना लिहिलेलं. अकोटच्या स्टँडवर अंगठाबहाद्दर आई कुणाकुणाला विचारत फिरते, गाडी कुठली, गाडी कुठली, आणि बोट धरलेली पोर मान वर करून पाटी वाचते, एवढीच त्यातली गोष्ट. शेवटच्या अंतऱ्यात रीतीप्रमाणे कवीचं नाव:

सांगे किसन, आता कोनाले पुसाचं काम नाई.

एम.ए. झाल्यावर प्रियदर्शनीला हे सगळं ट ला ट जोडलेलं वाटू लागलं होतं. तसं तिनं बोलून दाखवलं नाही. बापाला ते कळलं नसेल असं मात्र म्हणता येत नाही.

तिनं सहा पानं उलटली. वाचली नाहीत, उलटली.

"नेहमीचंच आहे बाबा. करा सही."

"नाव राह्यते ना माह्यं?"

"नाव तर तुमच्या अंतऱ्यातच आहे."

किसनराव खुलले. "हे बाकी खरं. ते कोन काढन?"

त्यांच्या दुनियेत हा पक्का कायदा होता. गाणं कुणीही, कुठंही गावं. पण शेवटचा अंतरा गाऊन कवीचं नाव घ्यावं. तो गाळला तर ‘नाव खाल्लं’ म्हणत. नावखाऊ गायकाला पुढच्या गावी कुणी चहा विचारत नसे. कोर्ट नाही, वकील नाही, एवढ्यावर पन्नास वर्षं निभावलं होतं. ज्याला आपल्या चहाची गरजच नाही असा माणूस एक दिवस दारात येईल, हे किसनरावांच्या हिशेबात नव्हतं.

"पुरं वाचलं ना बाई?"

"वाचलं हो."

त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून तिनं केली, आणि कादंबरीचं पान उघडलं.

सोमवारी ओमप्रकाश कागद घेऊन गेला, झेरॉक्स ठेवून गेला. मंगळवारी सकाळी किसनराव दाढी करता करता आरशापुढं खाली बसले, ते उठले नाहीत.

आईला घेऊन प्रियदर्शनी अमरावतीला परतली. एप्रिलमधल्या एका दुपारी कॉलेजवरून वरात गेली आणि डीजेच्या दणक्यानं ग्रंथालयाच्या काचा थरथरल्या. चाल ओळखीची होती. तिनं कान दिला.

पोरगी माही नाचते.

एक अक्षर. ‘व’च्या जागी ‘न’. स्टँड गेला होता, पाटी गेली होती, आई गेली होती. पोरीची कंबर आली होती. आणि शेवटचा अंतरा? तो गाळलासुद्धा नव्हता. ‘सांगे सजन’. मीटर जसंच्या तसं, एक मात्रा इकडची तिकडे नाही.

तिनं मोबाइलवर व्हिडिओ शोधला. खाली लिहिलं होतं, ‘पारंपरिक वऱ्हाडी गीत. नवे शब्द, ओमप्रकाश’. उष्टं खरकटं कुणी बापाच्या ताटात टाकावं आणि ते ताट आपणच पुढं केलेलं असावं, तशी किळस तिला आली. बेसिनवर जाऊन तिनं दोनदा हात धुतले. सही केलेला हात तर तिसऱ्यांदा.

त्या संध्याकाळी तिनं झेरॉक्स काढून करार वाचला. अर्धा तास लागला. चौथ्या कलमात सरळ लिहिलं होतं, गाण्याचे सर्व हक्क, जगभर, कायमचे, शब्दांत हवे ते बदल करण्याच्या मुभेसह. कवीचं नाव छापण्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

तिची मैत्रीण संध्या वकील होती. ती म्हणाली, "गाणं विकलं तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणायचा हक्क कवीकडेच राहतो. अब्रू जाईल अशी मोडतोड अडवायचाही. त्याच्यामागं तो वारसांना बजावता येतो. तू आणि काकू भांडू शकता."

"मग?"

"मग ओमप्रकाश म्हणणार, बदल काकांना मान्य होते, शिकलेल्या लेकीनं समजावून सांगितले होते, ही तिची सही. तुझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं, त्यावर आहे. वाचला होतास ना तू?"

प्रियदर्शनी म्हणाली, "कळवते."

कारण घरी इंदूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या प्रियानं कागद वाचला व्हता म्हनून निभलं. नाईतर त्या मेल्यानं घरबी लिहून नेलं असतं." त्या माउलीच्या दुःखाला टेकायला तेवढीच एक भिंत होती.

ऑगस्टमध्ये कॉलेजनं कार्यशाळा ठेवली, ‘नवोदित कलावंतांसाठी कॉपीराइट आणि करार’. प्रमुख पाहुणे ओमप्रकाश. प्रियदर्शनीनं निमंत्रणपत्रिका दोनदा वाचली. आता ती सगळंच दोनदा वाचत असे. संध्याला तिनं काहीच कळवलं नाही. आईला घेऊन ती तिसऱ्या रांगेत बसली.

पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आवाजात साखर. "पोरंहो," ओमप्रकाश म्हणाला, "आपली कला म्हंजे आपली माय. वाचल्याबिगर कागदावर सही करू नका!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काय निर्लज्ज हाये वं हा," त्या पुटपुटल्या.

पायल नावाची एक मुलगी उठली. नुकतीच गायला लागली होती. "सर, जुनं गाणं घेतलं त कवीचं नाव कुठून आनाचं?"

"सापडलं त टाका. नाई सापडलं त पारंपरिक म्हना. लोकांचं गाणं, लोकांचंच राह्यते."

प्रियदर्शनी उभी राहिली.

"‘पोरगी माही वाचते’च्या कवीचं नाव तुम्हाला सापडलं नाही का?"

ओमप्रकाशनं तिला ओळखलं. क्षणभर ओठ चाटले आणि हात जोडले. "अरे, किसनकाकाच्या ताई! पोरंहो, हे पाहा, करार असा कराव. बाप सही करून राहिला, शिकलेली लेक साक्षीले. एक एक कलम ताईनं त्याइले समजावून सांगतलं. बदलाचंबी. बराबर ना ताई? तुमी वाचलं व्हतं ना?"

सभागृह तिच्याकडं वळलं. इंदूबाईंनी मान ताठ केली, आता लेक काय सुनावते ते ऐकायला. ‘हो’ म्हटलं तर आईची भिंत शाबूत राहणार होती आणि बापाचं नाव जाणार होतं.

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली. माइक नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत गेलं. मग ती ओमप्रकाशकडं पाठ करून आईकडं वळली.

"आई, मी तो कागद वाचला नव्हता. बाबांनी विचारलं, पुरं वाचलं ना बाई, आणि मी वाचलं म्हणाले. पुस्तक हातातून ठेवायचा कंटाळा आला होता मला. त्यांचं नाव पहिल्यांदा मी खाल्लं, आई. यानं नंतर."