माश्यांना सांगायचं कुणी

राजाविरुद्धचं बंड मोडलं आणि लंडनहून तो न्यायाधीश आला. न्यायाधीश कसला, मेला खाटीक! टॉन्टन शहरात बसून सकाळी शंभर माणसं समोर उभी करायचा आणि जेवायच्या आत मोकळा व्हायचा. 'गुन्हा कबूल करा, दया मिळेल,' असं सांगून भोळ्याभाबड्यांना फासावर चढवलं त्यानं. गावचा म्हातारा कोतवाल जॉब टॅरंट त्याच शब्दावर विसंबला आणि स्वतःच्या पोराचं, गिडियनचं नाव त्यानं स्वतःच्या हातानं बंडखोरांच्या यादीत लिहिलं. पोरगा लटकला.

त्याच गावच्या केझायाचा नवरा अँब्रोसही बंडात होता; तो मात्र दलदलीत, वाळुंजाच्या झाडांच्या दाटीत लपून जिवंत होता. गावात तिनं सांगितलं होतं, लढाईत मेला.

सप्टेंबरातल्या एका दुपारी न्यायाधीशाचा कारकून जॉबला घेऊन तिच्या सफरचंदांच्या बागेत यादी पडताळायला आला.

"नवरा?"

"लढाईत पडला. इतरांबरोबर खड्ड्यात पुरला."

कारकून लिहिणार, तेवढ्यात त्याची नजर मधमाश्या पाळलेल्या तीन टोपल्यांकडे गेली. तोही याच मुलखातला.

"बाई, घरधनी गेला आणि माश्यांना सांगितलं नाहीस? टोपलीला काळं फडकं कुठाय? माझ्या आईनं बाप थंड व्हायच्या आत सांगितलं होतं. नाहीतर माश्या उठून जातात."

केझाया विसरली नव्हती हो! टोपलीवर टकटक करून सांगायला रोज दाराची किल्ली घेऊन जायची आणि तशीच परत यायची. माणसांशी खोटं बोलता येतं, माश्यांशी कसं बोलणार? जित्या माणसाला मेला म्हणून सांगितलं, तर तो वर्षाच्या आत खरंच मरतो, असं तिची आजी सांगायची.

"दातखीळ बसली का? कुठं लपवलायस त्याला?"

"अहो, काळं कापड आणेल कुठून ती?" जॉब खेकसला. "तुमच्या साहेबांच्या कृपेनं अख्ख्या गावात वीतभर उरलेलं नाही! माझ्या दंडावरचं घे म्हटलं होतं तिला, लाजली. दे गं पोरी किल्ली."

दंडावरच्या सुतकाच्या फडक्याचे त्यानं तीन तुकडे केले. एकेका टोपलीला बांधून किल्लीनं तीनदा टकटक केली आणि तो वाकला. असलं बोलणं परक्यानं ऐकू नये, म्हणून कारकून टोपी काढून लांब उभा राहिला. केझाया जवळ होती. तिला ऐकू आलं.

"माश्यांनो, गिडियन गेला. माझा गिडियन गेला. तुम्ही जाऊ नका."

कारकुनानं 'मयत' असं लिहिलं आणि तो निघून गेला.

मार्चात राजाची माफी जाहीर झाली. अँब्रोस घरी आला, हाडांचा सापळा झालेला, पण जिवंत! हसत हसत फडकी सोडायला गेला, तर केझायानं त्याचा हात धरला.

"हात लावू नकोस. ती तुझ्यासाठी नाही बांधलेली."

मे महिन्यात मधल्या टोपलीतून पहिला थवा बाहेर पडला. नव्या टोपलीत धरून नवराबायको तो जॉबच्या दारात घेऊन गेली.

"मला कशाला गं माश्या? एकटा जीव मी."

"बाबा, घरातलं दुःख घरच्यानंच सांगायचं असतं त्यांना. तुम्ही सांगितलंत, त्या थांबल्या. म्हणजे तुमच्याच झाल्या."

पोरगा फासावर गेला तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. आता उंबऱ्यावर बसून तो ढसाढसा रडला. मग बाहीनं नाक पुसून उठला.

"इकडं ठेवा, उजवीकडं. सकाळचं ऊन इथं आधी येतं. गिडियन इथंच बसायचा."