अंबावैनींचा शब्द

“अंबे, ताटातलं पान उचलू नको हां! उचललंस, तर घरची सगळी मतं त्यांची झाली.”

वडिलांचा हा आवाज साठ वर्षांपूर्वीचा. दारात कुठल्याशा पक्षाचे उमेदवार उभे, हातात पितळी ताट, ताटात विड्याची पानं, आणि आठ वर्षांच्या अंबेचा हात अर्ध्या वाटेवर थांबलेला. तंजावुरातल्या या मराठी घरांची रीतच तशी. सही नको, शपथ नको. पान घेतलं की शब्द दिला.

पुढे अंबा लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे आली. इथे सासऱ्यांनी पान घेतलं, मग नवऱ्याने, व्यंकटरमणाने. तिच्यापुढे ताट कोणी धरलंच नाही. आणि आठ वर्षांपूर्वी व्यंकटरमण गेला, तेव्हापासून तर लग्नात नाही, नवरात्रात नाही, कुठेच कोणी तिच्या हातावर पान ठेवलं नाही. बाकी बायका पान-सुपारी घेत असायच्या, ही आपल्या चपला शोधत असायची.

घरात आता ती एकटी. मुलगी नित्या डॅलसला. रविवारी फोनवर नातवंडं दिसतात. आजीचं मराठी त्यांना कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. आसपास मराठी घरं उरली सात, त्यांच्यातही हल्ली तमिळच चालतं. मराठी बोलायला एकच माणूस: धाकटा दीर गुरुराज. रोज चार वाजता यायचा, घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसायचा, पेल्यातली फिल्टर कापी खालीवर ओतून निववायचा आणि अर्धा तास बोलायचा. उरलेल्या साडेतेवीस तासांत अंबेचं मराठी ऐकायला नुसता कुकर.

हा गुरुराज आमदारांचा माणूस. आमदार तीनदा निवडून आलेले, यंदा चौथ्यांदा उभे. त्यांच्यासमोर राजलक्ष्मी, वेण्णार नदीकाठच्या खेड्यातली नर्स. पाठीशी पक्ष नाही, काही नाही.

“नर्सबाई सुई टोचील, विधानसभेत काय करील?” गुरुराज हसायचा.

अंबा हसायची नाही. अकरा दिवसांपूर्वी भर दुपारी राजलक्ष्मी या गल्लीत आली होती. विधवा बाई ताट घेऊन फिरते, म्हणून तीन दारं तिच्या तोंडावर लागली. चौथं अंबेचं.

“घरात पुरुषमाणूस आहे का, अम्मा?” तिने तमिळमध्ये विचारलं.

“नाही. मीच आहे.”

“मग तुमच्याशीच बोलते.”

बोलली ती थोडंच. गावच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर नसतो. बाळंतपणाच्या बायका टेम्पोत घालून आणाव्या लागतात. पाच वर्षं ती आमदारांकडे अर्ज घेऊन गेली, पाच वर्षं बाकावर बसून परतली. मग तिने ताट पुढे केलं.

“मला पान देत नाहीत, बाई,” अंबा म्हणाली. “नवरा गेला माझा.”

“माझाही गेलाय. मी मत मागतेय, अम्मा, सौभाग्य नाही.”

अंबेनं पान उचललं. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर राजलक्ष्मीच्या टेबलाशी बसायला या भागातलं कोणी मिळत नव्हतं. “मी बसेन,” असं अंबा म्हणाली आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

तेव्हापासून रोज चार वाजता ती ठरवायची, आज सांगायचं. गुरुराज यायचा, थोरल्या भावाची एखादी जुनी खोडी सांगून खो खो हसायचा, आणि अंबा तोंडाशी आलेलं कापीबरोबर गिळून टाकायची.

आज तो आला तो घाईतच.

“वैनी, उद्या नऊला आमदार येतायत. तुमच्याच तिण्णैवर बसणार! सातही घरांची मतं आपली, मी सांगून बसलोय.”

“मज विचारलं नाहीत, भावजी.”

“तुमास काय विचारायचं? दादानं कधी विचारलं होतं?” तो हसला. “आरती कनकलता करील. तुम्ही तेवढा वेळ आत राहा हां. शुभकार्य आहे, कळतंय की. कापी मात्र तुमच्याच हातची!”

कनकलता म्हणजे त्याची बायको. रस्त्यावरून आमदारांच्या प्रचाराची रिक्षा भोंगा वाजवत गेली. गुरुराज कापी निववत होता. मनगट वळवायची लकब थेट व्यंकटरमणाची. अंबा त्या हातांकडे बघत राहिली.

“भावजी, उद्या त्यांना इथे आणू नका. मी राजलक्ष्मीकडून पान घेतलंय. अकरा दिवस झाले.”

पेला खाली आला. कापी ओट्यावर सांडली.

“अय्यो! त्या नर्सकडून? आणि रोज मज कापी पाजत गप्प बसलात? आता मी आमदारांना तोंड काय दाखवू? या दारी कसा येऊ, वैनी?”

तो उठला. चपलेत पाय घातला, पण पायरी उतरला नाही.

“ठाऊक होतं मज,” अंबा म्हणाली. “म्हणूनच गप्प होते. तुम्ही यायचे थांबलात, तर माझ्याशी मराठी बोलणारं कोणी उरत नाही, भावजी. अकरा दिवस त्याच भीतीनं तोंड उघडलं नाही. तरी माझं मत तिलाच. आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर तिच्या टेबलाशी मी बसणार आहे.”