पेनाला पॉलिश

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. गिऱ्हाइकांनी वाचलं तर माझ्या टपरीकडे कोण फिरकेल? पण असू दे.

मी मोबाइल दुरुस्त करतो. कुणी शिकवलं नाही. उघडत गेलो, बिघडवत गेलो, जमत गेलं. म्हणूनच लंब्या, माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याच्या बाबांचं जुनं शाईपेन घेऊन आला.

"दुकानात दाखवलं. दुरुस्तीचे एवढे सांगतात की त्यात चार नवी येतील. तू बघ ना."

"झालंय काय?"

"शाई ओढत नाही. गुरुवारी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी ताईला पत्र लिहायचंय म्हणतात. बॉलपेन दिलं तर भिरकावलं. घाबरलेत रे. दाखवत नाहीत, एवढंच."

काकांनी चौतीस वर्षं ऑफिसात जन्ममृत्यूच्या नोंदी याच पेनाने केलेल्या. काळंभोर, तुळतुळीत पेन. आतली रबरी नळी वाळून दगड झाली होती. तशी नळी स्वस्तात मिळाली, पण पेनाचा पुढचा भाग काही निघेना. मग मोबाइलवर व्हिडिओ बघितला. गरम पाण्यात बुडवा, म्हणे. बुडवलं. व्हिडिओ पुरता बघितला नाही, तेवढंच चुकलं.

बाहेर काढलं तर पेन मळकट तपकिरी! व्हिडिओ पुढे सरकवला. तो माणूस शांतपणे सांगत होता, जुन्या कडक रबराच्या पेनांना चुकूनही गरम पाणी लावू नका, रंग जातो तो कायमचा.

नळी बसली, शाई चढली, निब झकास चालायला लागली. पण रंगाचं काय? दोन दिवस लंब्याचा फोन उचलला नाही. शेवटी बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी आणली आणि पेन घासलं. लांबून बरं दिसत होतं.

बुधवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. काका उशीला टेकून बसले होते.

"या मेकॅनिक! गाडी चालू झाली का?"

"झाली, काका."

"बरं झालं. नाहीतर उद्या माझी नोंद कुणीतरी बॉलपेनने केली असती."

"बाबा, काहीही काय बोलता!" लंब्या ओरडला.

काकांनी पेन घेतलं. जरा नाकाजवळ नेलं. माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघायला लागलो.

मग ते लिहायला लागले. अक्षराने ओळ सोडली नाही. अर्धं पान झालं, तोवर बोटं काळी झाली.

"ही बोटं कशानं भरली?" लंब्या माझ्याकडे वळला. "गळतंय का रे?"

मी खिशातून रुमाल काढून काकांपुढे धरला.

"गळत नाही, पॉलिश आहे ते," काका म्हणाले. "रंग कधीचाच गेलाय याचा. साहेबासमोर बरं दिसावं म्हणून दर सोमवारी घासायचो मी. यानं बरोबर ओळखलं, बघ."

पत्राची घडी घालून त्यांनी टोपण लावलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "हॉस्पिटलात हरवेल. तुझ्याकडे ठेव. आलो की घेईन."

आलो की, म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

लंब्या सोडायला खाली आला. जिन्यात थांबला.

"आमच्या घरात पॉलिशची डबी कधीच नव्हती," तो म्हणाला. "बाबा जन्मभर चपलाच घालत आले."

मग मी सगळं सांगून टाकलं. गरम पाणी, अर्धवट बघितलेला व्हिडिओ, डबी. वाटलं, आता शिव्या घालेल. त्याने नुसता कठडा धरला आणि विचारलं,

"वापरात नसलं की शाई सुकते ना रे आत?"

"सुकते."

"सुकू देऊ नकोस."

"नाही देणार," मी म्हणालो. "रोज एक पान लिहीन. काका येऊन मागेपर्यंत."