आजीबाईची सोबत

सिस्टरांनी चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला आणि बोटाला लावायचं यंत्र मुलीच्या पायाच्या अंगठ्याला पक्कं बांधून टाकलं. यंत्र मोठ्या माणसांचं होतं. चार वर्षांच्या पोरीच्या बोटावरून ते घसरून पडायचं. लहान मुलांचं यंत्र मागवून इतके दिवस झाले होते की ते कुणी मागवलं होतं हेही आता दवाखान्यात कुणाला आठवत नव्हतं.

"हा पाय हलवायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "हा आता माझा आहे."

"आणि हा?" मुलीने दुसरा पाय वर केला.

"तो राहू दे तुझ्याकडे. घरी जायला लागेल."

मुलीला हा व्यवहार पटला. ती भिंतीला टेकून गुपचूप बसली. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा यायला वेळ लागला. आला तेव्हा सिस्टरांनी यंत्राचं तोंड हळूच आपल्याकडे वळवून घेतलं, पण मुलीची आई यंत्राकडे बघतच नव्हती. ती सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"कमी झालाय ना?"

"झालाय. म्हणून तर गाडी थांबवून ठेवली आहे."

मुलीला घरी सगळे आजीबाई म्हणत. अंगणात जरा धावली की ती मध्येच उकिडवी बसायची, गुडघ्यांना मिठी मारून दम खायची आणि मग उठून पुन्हा खेळात शिरायची. घरादाराला त्याचं कोण कौतुक! काका म्हणायचे, आमच्या आजीबाईला काठी आणायला हवी. शेजारणी विचारायच्या, कंबर धरली का हो? मग तीही कमरेवर हात ठेवून कण्हून दाखवायची आणि हसता हसता सगळ्यांची पुरेवाट व्हायची. लस द्यायला गेलेल्या सिस्टरांनी तिला तसं बसलेलं पाहिलं, तिचे निळसर ओठ पाहिले आणि त्या घोळक्यात त्या एकट्याच हसल्या नाहीत.

दवाखान्यात आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी तिची छाती बराच वेळ ऐकली आणि शहरातल्या हृदयाच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी लिहायला काय लागतं? तिथे लहान मुलांचं हृदय तपासणारे डॉक्टर एकच, आणि अर्धा मुलूख त्यांच्या दारात. फोनला रेंज यायची ती फक्त मागच्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवर. सिस्टरांनी त्या पायरीवर उभं राहून शहरातल्या दवाखान्यात वेळ देणाऱ्या बाईंचं रोज इतकं डोकं खाल्लं की शेवटी त्या म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी घेऊन या, पण तुमचा फोन आता पुरे." ही वेळ हुकली तर पुढची कधी मिळेल ते त्या बाईही सांगू शकत नव्हत्या. आज गुरुवार होता. औषधं आणायला निघालेली गाडी दारात उभी होती.

आणि आई ऐन वेळी कच खात होती.

नाही असं ती म्हणत नव्हती. हिचे बाबा कामावरून आले की जाऊ, म्हणत होती. जरा अंग धरू दे, मग जाऊ, म्हणत होती.

"अगं, हृदयच धड नाही तर अंग धरणार कसं?" सिस्टरांनी अंगठ्याची चिकटपट्टी सोडवली. "बाबांशी मी बोलले आहे. ते हो म्हणाले."

"त्यांना काय, ते लांब आहेत." आईने मुलीचा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि चिकटपट्टीची लाल खूण चोळत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "सिस्टर, खरं सांगा. मागे तुम्ही इथून एक मुलगी पाठवली होती ना? ती परत आली नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

खोटं बोलणं सिस्टरांच्या रक्तात नव्हतं, पण विषय टाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या उठल्या आणि नीट लावलेली औषधांची फळी उगाचच पुन्हा लावू लागल्या.

ती मुलगी शिवणवालीची होती. दवाखान्याच्या चादरी, पडदे, सगळं ती शिवून द्यायची. मुलगी गेल्यानंतरही तिने ते काम सोडलं नाही, आणि त्याबद्दल तिला काय म्हणावं ते सिस्टरांना कधी सुचलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की हृदयाच्या मुलांना गुरुवारी बोलवायचं आणि शिवणवालीने चादरी सोमवारी आणायच्या, अशी घडी बसवून टाकली. एकीचं दुःख ताजं व्हायला नको आणि दुसरीने धास्ती घ्यायला नको. या बंदोबस्ताचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता.

"आत येऊ का?"

दारात शिवणवाली उभी होती. काखेत चादरींचा गठ्ठा, खांद्याला एक पिशवी.

"आज कशी काय?" सिस्टरांचा आवाज नको तेवढा चढला. "सोमवारी आण म्हटलं होतं ना?"

"शिवून झाल्या. म्हटलं, देऊन टाकाव्यात."

तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. पण ती गेली नाही. बाकावरच्या मुलीकडे, तिच्या बोटांच्या फुगलेल्या टोकांकडे बघत उभी राहिली.

"चल, बाहेर बसू. चहा टाकते," सिस्टर घाईघाईने म्हणाल्या.

पण आईने तिला ओळखलं होतं. "ताई, ती मुलगी तुमचीच का?"

"माझीच."

"परत नाही ना आली?"

"नाही."

सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांचं केलंसवरलं पाण्यात गेलं, असं त्यांना वाटलं. शिवणवालीवर त्यांना रागही आला आणि तो आल्याची लाजही वाटली.

शिवणवाली बाकाच्या कडेला टेकली. "ऑपरेशन झालं होतं. मग ताप आला आणि तो काही हटला नाही. डॉक्टर घरी जातच नव्हते गं, तिच्यापाशीच असायचे."

"नेलंच नसतं तर?"

"तर घरातच गेली असती." शिवणवालीने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "ही रडली की काळीनिळी पडते ना?"

आईने मुलीला आणखी जवळ ओढलं.

"माझीही पडायची. मी मनाशी म्हणत राहायचे, जरा अंग धरू दे, मग नेऊ. सिस्टर मागे लागल्या होत्या, मी टाळत होते. पुन्हा मिळाली ना मला, तर पहिल्याच दिवशी घेऊन निघेन."

"तुझी काही चूक नव्हती त्यात," सिस्टर म्हणाल्या. आपलंच चुकलं असं इतके दिवस मानत आलेल्या सिस्टरांना आपला आवाज परका वाटला.

"कुणाचीच म्हणत नाही मी."

आजीबाई चादरींच्या गठ्ठ्याची गाठ सोडवण्यात गर्क होती. आईने तिचा हात बाजूला केला, तिने पुन्हा गाठ धरली.

"तिथे झोपायचं कुठे?" आईने विचारलं.

सिस्टरांनी फळीवरचा हात काढला. ज्याला जायचंच नाही ते माणूस झोपायची जागा विचारत नाही.

"खाली मोठी खोली आहे," शिवणवाली म्हणाली. "दाराजवळची जागा धरू नकोस, जो तो तुडवून जातो. गरम पाणी वरच्या मजल्यावर मिळतं. तिथला म्हातारा कुरकुर करतो, पण देतो. आणि ऑपरेशनला नेताना आईला दारातच थांबवतात. ते हिला आधीच सांगून ठेव. नाहीतर पोरीला वाटतं, आई टाकून गेली."

आईने मान डोलावली. मग ती खाली बसली आणि मुलीच्या पायात चपला चढवू लागली. एक चप्पल उलट्या पायात गेली. आजीबाईने तिला सुनावलं, "अगं, बघ ना जरा!"

बाहेर ड्रायव्हरने गाडी सुरू केली. आई मुलीला घेऊन मागे चढली. सिस्टरांनी चिठ्ठी तिच्या हातात दिली, पाण्याची बाटली दिली, मुलगी रडायला लागली तर गुडघे छातीशी कसे धरायचे ते आणखी एकदा करून दाखवलं. मग त्या वळल्या, तर शिवणवाली खांद्यावरची पिशवी गाडीत ठेवत होती.

"हे काय?"

"माझे कपडे. मी जाते सोबत. ही आज जाणार हे कळलं, म्हणूनच आज आले."

सिस्टरांनी तिचा दंड धरून तिला जरा बाजूला घेतलं. "अगं, झेपेल का तुला? तोच जिना, तेच दार..."

"जाताना सोबत पुष्कळ असते, सिस्टर," शिवणवाली हळूच म्हणाली. "माझ्या वेळी तुम्ही होतात, शेजारणी होत्या, अर्धं गाव गाडीपाशी उभं होतं. येताना मी एकटी होते." तिने आईकडे पाहिलं. "हिचं चांगलंच होईल. पण काही झालं तरी ही एकटी येणार नाही."

सिस्टरांनी तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग ड्रायव्हरवर खेकसल्या, गाडी सावकाश ने म्हणून. तो बिचारा अजून जागचा हललाही नव्हता.

शिवणवाली गाडीत चढली. आईने सरकून तिला जागा दिली. मधे बसलेल्या आजीबाईने या नव्या बाईला नीट न्याहाळलं आणि कुणाला काही न विचारता आपले दोन्ही पाय तिच्या मांडीवर ठेवून दिले.

शिवणवालीने मुलीचा फ्रॉक गुडघ्यांवर ओढून नीट केला, ते इवलेसे पाय हातात धरले आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला."