किचन राहूनच गेलं

दाराची चौकट डोक्याला लागते, तरी घरात सगळे त्याला बारक्याच म्हणतात. तो हॉस्पिटलात नेटवर्कच्या कामाला, आणि त्याची वहिनी तिथे त्याची साहेब. तिने सकाळीच बजावलं होतं: आजचं काम एकट्याने निभावलंत तर नेटवर्कचा स्विच यापुढे तुमच्याकडे, मला कीबोर्डला हात लावावा लागला तर परत केबली ओढायला जा.

नवी इमारत जुनीला जोडायची होती. नवीतल्या कुठल्या विभागांचे नेटवर्कचे पत्ते जुन्या बाजूला कळवायचे, ते स्विचला राउट मॅप, म्हणजे रूलची यादी, लिहून सांगायचं. मेख एकच. नवी ट्रेनिंग रूम आणि जुनं आयसीयू यांना कोणीतरी डोळे मिटून सारखेच पत्ते देऊन ठेवले होते. ट्रेनिंग रूमचा पत्ता पलीकडे गेला की आयसीयूचा डेटा भलतीकडे जाणार.

बारक्याने रूल लिहिले. दहा नंबरला ओपीडी, वीसला लॅब, तीसला एक्स-रे, चाळीसला औषधांचा काउंटर. ट्रेनिंग रूमचं नावच घेतलं नाही. चारही ठिकाणी फोन लावला, सगळं चालू. तो खुर्चीत ऐसपैस बसला. वहिनी म्हणाली, लगेच पाय पसरू नका, जरा थांबून मग सेव्ह करा.

थोड्या वेळाने नव्या इमारतीतल्या खालच्या किचनचे मुख्य आचारी वर आले. कुठल्या पेशंटला काय द्यायचं ते जुन्या इमारतीतून त्यांच्या स्क्रीनवर येतं, आणि स्क्रीन कोरी होती. ट्रॉल्या खोळंबलेल्या. आवाज न चढवता ते म्हणाले, कोणाला साखर चालते ते मला तोंडं बघून कळत नाही हो.

किचनलाही नेटवर्क असतं हे बारक्याच्या गावीही नव्हतं. आधीच्या ऑफिसात तो राउट मॅप लिहायचा ते डेटाने इंटरनेटच्या दोन लाइनींपैकी कुठली धरायची एवढ्यासाठी. तिथे रूलमध्ये न बसणारा डेटा आपल्या नेहमीच्या वाटेने जायचा. इथे न बसणारा पत्ता गळतो, आणि स्विच ब्रसुद्धा काढत नाही.

"शेवटी एक रूल टाकून सगळ्यांनाच सोडतो," तो टाइप करत म्हणाला.

"ट्रेनिंग रूमलाही?"

त्याचा हात थांबला. "मग किचनपुरता टाकतो."

"टाका. उद्या लाँड्रीवाले येतील, परवा आणखी कोणी. भावोजी, तुम्ही फक्त ओळखीच्यांची नावं लिहिलीत."

आता ही कीबोर्ड ओढून घेणार, म्हणून त्याने हात बाजूलाही केले. पण वहिनी उठली, आचाऱ्यांना म्हणाली, चला, वॉर्डांना फोन करून विचारू आणि ट्रॉल्या भरायला घेऊ. दोघं गेले. खोलीत तो आणि एसीची घरघर.

स्विच वरून वाचत येतो, पहिला रूल जुळला की पुढे बघत नाही. म्हणजे नकार आधी. पन्नासला ट्रेनिंग रूम, नको. ते लागलंय याची खात्री केली, मगच साठला बाकी सगळे, येऊ दे. मग तिथूनच जुन्या इमारतीच्या स्विचमध्ये लॉगिन करून आयसीयूकडे जाणारी वाट तपासली. होती तशीच होती.

फोन वाजला. "स्क्रीन आली," वहिनी म्हणाली. "आयसीयू?"

"जागेवर. सेव्ह करू का, वहिनी?"

"मला काय विचारताय? स्विच तुमच्याकडे आहे," ती म्हणाली, आणि ट्रॉली ढकलायला दोन्ही हात लागतात म्हणून तिने फोन ठेवून दिला.