बोटाला चाटून गेलेला चेंडू

खेळाच्या सरांचा एकच नियम होता आणि तो शाळेतल्या बारक्या पोरांनाही पाठ होता. चेंडू आपल्याला लागून बाहेर गेला, तर पंचाची वाट न बघता आपणच हात वर करायचा. जो लपवेल त्याने पुढच्या तासाला खेळायचं नाही. पांढऱ्या फक्कीचा डबा घेऊन मैदानाच्या रेषा आखायच्या. मग त्याचे पांढरे हात दिवसभर सगळ्यांना दिसत.

वर्षातून एकदा शिक्षक विरुद्ध मुलं असा व्हॉलीबॉलचा सामना व्हायचा. यंदा सरांचा गुडघा साथ देत नव्हता. सोपे चेंडू सुटत होते.

"अहो सर, आम्हाला वाटलं तुमच्या जिवावर जिंकू!" गणिताच्या बाई ओरडल्या. सगळं मैदान हसलं. सरही हसले, पण ते त्यांना लागलं.

शेवटच्या गुणाला, सगळे ज्याला 'बांबू' म्हणायचे, त्या उंच मुलाने चेंडू हाणला. तो सरांच्या करंगळीला चाटून रेषेबाहेर गेला. शिक्षकांनी जल्लोष केला.

"लागला! सरांच्या बोटाला लागला!" बांबू किंचाळला.

दोन वेण्यांची पंच मुलगी स्टुलावरून वाकली. "सर, लागला का हो?"

"नाही," सर म्हणाले. बोलून गेले आणि मग आपलाच शब्द त्यांना ऐकू आला.

"ऐकलंस?" ती बांबूवर डाफरली. "सर खोटं बोलतील का? माफी माग आधी."

बांबूचे कान लाल झाले. "सॉरी सर. मला तसं दिसलं."

"असू दे रे," म्हणत सरांनी त्याची पाठ थोपटली. त्याच हाताने.

"जिंकलात म्हणे!" घरी बायको म्हणाली. "मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"गुडघा दुखतोय," सर म्हणाले, आणि ताटावर मान खाली घालून बसले.

दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले, तेव्हा बांबू डबा घेऊन रेषा आखत होता. हात कोपरापर्यंत पांढरे.

"याला कुणी लावलं या कामाला?"

"मी," वेण्यांवाली म्हणाली. "खोटा आळ घेणं म्हणजेसुद्धा खोटंच ना, सर?"

मुलं ओळीत उभी होती. सरांनी हात वर केला.

"सर, पाणी प्यायला जायचंय?" मागून कुणीतरी विचारलं. खसखस पिकली.

"काल लागला होता," सर म्हणाले. "माझ्या बोटाला. हा खरं बोलत होता."

हसू जागच्या जागी थांबलं. वेण्यांवालीच्या कपाळावर आठी पडली. तिला राग आला नव्हता, तिला समजतच नव्हतं.

"पण मी विचारलं होतं ना, सर."

सर बांबूजवळ गेले. "चुकलो रे मी," म्हणाले आणि डब्याला हात घातला.

"राहू द्या सर, थोडंच उरलंय," बांबू पुटपुटला. त्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

"दे."

सर वाकून रेषा ओढू लागले. गुडघा कळ मारत होता, रेषा नागमोडी चालली होती. एरवी कुणाची रेषा वाकडी गेली की पोरं फिदीफिदी हसायची.

आज कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.