पाऊस सांगणारी गाडी

"ही गाडी न्हाई ताई, सासू हाय सासू! भर उन्हात पाऊस, पाऊस करून राहिली. वर ढगाचा ठिपका न्हाई!"

पिराजीची ही कुरकुर टेबलावरच्या फोनातून इतकी जवळून आली, की तो समोरच्या स्टुलावर बसून चहा पितोय असंच सिंधूला वाटलं. खरं तर तो गाडी चालवत सोलापूरच्या अलीकडं होता आणि ती लातूरच्या एमआयडीसीत, श्रीमंत शेठच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात. मे महिना होता. कूलरमध्ये पाणी नव्हतं. अशा दिवसांत लातुरात कोणी पाऊस म्हटलं तरी माणसं आधी वर बघतात.

सिंधू हसली. "म्हणू दे की. तेवढंच गार वाटतं."

ती गाडी म्हणजे शेठच्या आयुष्यातलं मोठं धाडस. थेट युरोपातून मागवलेली ट्रेलरगाडी. आठ महिने सिंधूनं कस्टमचे, तपासणीचे, पासिंगचे कागद फिरवले, तेव्हा कुठं ती मुंबईच्या बंदरातून बाहेर निघाली. आत थंड हवा, गाद्यांचे दोन पलंग, आणि ड्रायव्हरच्या समोर करंगळीच्या नखाएवढा एक काचेचा डोळा. साखर कारखान्यांची अवजड यंत्रं ओढायला अशी गाडी पंचक्रोशीत नव्हती. पूजेच्या दिवशी अख्खी गल्ली तिच्यापुढं उभी राहून फोटो काढून घेत होती. पिराजी त्या फोटोंत कुठंच नव्हता. तोच काढत होता ना सगळ्यांचे!

"एवढी शहाणी गाडी, हिला दोन ड्रायव्हर कशाला?" असं म्हणून शेठनी जोडीचा माणूस कमी केला. वरच्या पलंगावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

पण गाडीला एक खोड होती. मधूनच सीट थरथरायची आणि एक बाई परक्या भाषेत बोलायची. "बिट्टे, पाऊझे!" पिराजीनं तिचं नाव बिट्टीबाई ठेवलं. बिट्टीबाई पाऊस सांगते, आणि खोटा सांगते, हे ऑफिसात सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. तिचं बोलणं त्या काचेच्या डोळ्याशी जोडलेलं आहे, एवढं इलेक्ट्रिशियनला कळलं.

पिराजी त्या खेपेवरून परतल्यावर शेठ म्हणाले, "झाकून टाका तो डोळा. बिचाऱ्याचं डोकं उठवती."

सिंधूनंच ड्रॉवरमधली काळी चिकटपट्टी काढली, केबिनच्या पायऱ्या चढून वर गेली आणि डोळा बंद केला. बिट्टीबाई गप्प झाली. पिराजी म्हणाला, "सुटलो!" पण पुढच्या खेपेला त्याचाच फोन आला. "ताई, आता केबिनमधी कोणीच बोलंना."

 कोणीच न बोलण्याबद्दल सिंधूला पुष्कळ ठाऊक होतं. दिवसभर ती पंधरा ड्रायव्हरांशी बोलायची, कुठं पोचलास, जेवलास का, टायर बघितलं का. आणि संध्याकाळी औसा रोडच्या खोलीवर आली की फक्त कुलपाशी बोलायची. तेही नीट उघडत नव्हतं म्हणून.

नऊ वर्षं झाली होती. अंगद, तिचा नवरा, शेठचाच ड्रायव्हर. उदगीरच्या रस्त्यावर गाडी पुलाच्या कठड्यावर गेली आणि अंगद जागीच गेला. कागदावर लिहिलं, ब्रेक फेल. सासरचे म्हणाले ब्रेक फेल, शेठ म्हणाले ब्रेक फेल, सिंधूही म्हणाली ब्रेक फेल. शेठनी तिला ही नोकरी दिली, आणि त्या दोन शब्दांवर सगळ्यांनी विषय मिटवला.

तीन आठवड्यांनी, दुपारी अडीचला, टेबलावरचा फोन वाजला. सिंधूनं नेहमीसारखा स्पीकर लावला; शेठ पलीकडं हिशेब बघत बसले होते. पिराजी बंदरातून उसाच्या चरकाचे लोखंडी रोलर घेऊन निघाल्याला तिसरा दिवस होता. माल नांदेडकडच्या कारखान्यात पाचच्या आत पोचवायचा होता. तो उतरवायला तिथं क्रेन उभी होती.

"ताई, अहमदपूरच्या पुढं आलो. काय चाललंय?"

"काय चालणार? जेवलास?"

"हाव. ताई... जरा बोलत ऱ्हा."

सिंधूच्या हातातलं पेन थांबलं. ड्रायव्हर लोक झोप हा शब्द उच्चारत नाहीत. डोळ्यात कचरा गेला म्हणतील, आळस आला म्हणतील, तंबाखू मळतील, तोंडावर पाणी मारतील. झोप आली म्हणणारा कच्चा ड्रायव्हर! तेव्हा ते म्हणतात, जरा बोलत रहा.

अंगद हेच म्हणाला होता.

तेवढ्यात संगमेश्वर मिस्त्री आत आले. उदगीरचे, साठीच्या पुढचे, गाडीच्या पोटात आयुष्य काढलेले. हातात मोबाइल, चेहऱ्यावर हसू. पण शेठकडं बघून ते हसू थोडं बिचकलं.

"शेठ, त्या बाईचा आवाज भरून घेतला होता. पुण्याला एका पोराला ऐकवला, जर्मन शिकलेला हाय. पाऊस न्हाई म्हणत ती. पाऊझे. म्हंजे थांबा, विसावा घ्या. आन् बिट्टे म्हंजे मेहरबानी करून. तो डोळा ढगाकडं न्हाई, ड्रायव्हरच्या पापणीकडं बघतो!"

 सिंधूच्या बोटांना त्या चिकटपट्टीचा स्पर्श पुन्हा जाणवला.

"पिराजी!" ती फोनावर ओरडलीच. "गाडी बाजूला घे. आत्ता!"

"काहून ताई? मी एकदम ताजा हाय."

"वहिनी, काय लावलंय?" शेठ उठले. "क्रेन उभी हाय तिथं. दोन घंट्याचा रस्ता. तो म्हणतोय ना ताजा हाय?"

"म्हणणारच की!" मिस्त्री म्हणाले. "तुमी त्याला दुसरं काही म्हणू दिलंय का? शेठ, इंजन तापलं तर तुमी गाडी उभी करता. रेडिएटरला पाणी पाजता, बोनेटवर हात फिरवता. माणूस तापलेला कामून दिसत न्हाई? परदेशातल्या यंत्राला कळलं, हा माणूस थकला. मेहरबानी करून म्हणत हुती ती! आन् आपण काय केलं? तिच्या डोळ्याला पट्टी लावली!"

"पट्टी मी लावली," सिंधू म्हणाली. "पिराजी, ऐकतोस ना? आधी गाडी उभी कर."

फोनातून हवेच्या ब्रेकचा लांब सुस्कारा ऐकू आला. गाडी थांबली होती.

"आता ऐक. तुझ्या अंगददादाचा त्या दिवशी फोन आला होता. म्हणाला, सिंधू, जरा बोलत ऱ्हा. मी म्हणाले, गॅसवर दूध आहे, उतू जाईल, ठेवते. दूध उतू गेलं नाही पिराजी. ब्रेकही फेल झाला नव्हता. त्याला झोप लागली होती."

हे तिनं नऊ वर्षांत स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिला वाटलं, छत कोसळेल. पंखा तसाच फिरत राहिला.

शेठ हळूच खुर्चीत बसले. मग त्यांनी टेबलावरचा फोन स्वतःकडं ओढला.

"वहिनी, त्यानं आधी मला फोन केला हुता," ते म्हणाले. "म्हणाला, शेठ, घंटाभर पडतो. मी म्हणालो, आधी माल पोचव, मग पड."

नऊ वर्षं एकाच छताखाली बसून दोघांनी एकाच गोष्टीचा अर्धा-अर्धा तुकडा लपवला होता! सिंधूला राग यायला हवा होता. तो येईलही, उद्या, परवा. आत्ता तिला फक्त इतकंच जाणवलं, की आपण एकट्याच नव्हतो.

मंडळी, आपल्या दारात येणारं साखरेचं पोतं, गॅसची टाकी, पोराच्या शाळेची वही, सगळं कोणीतरी डोळे ताणून आणलेलं असतं. वेळेवर आलं नाही तर आपण तक्रार करतो. आणणारा कधी झोपला, हे विचारत नाही. गाडी जहाजानं आणता येते. माणसाला थकू देण्याची रीत मात्र इथंच, आपापल्या ऑफिसात, आपापल्या घरात, आपल्यालाच घालावी लागते.

"पिराजी," शेठ फोनात म्हणाले. "क्रेनवाल्याला मी सांगतो. मिस्त्रीला घेऊन येतो, जोडीचा माणूस बी आणतो, आन् ती पट्टी मी माझ्या हातानं काढतो. तवर वरच्या पलंगाचं प्लास्टिक फाड. पण एक खरं सांग लेका. मी रागावणार न्हाई."

पलीकडं वरच्या पलंगाचं प्लास्टिक टरकन फाटलं. मग अहमदपूरच्या पुढच्या उन्हातून, लहान मुलासारखा आवाज आला.

"शेठ... झोप आलीय. लई झोप आलीय मला."